तिसरी खिडकी

१

खरवडणं हा माझा धंदा आहे. लोक भिंती रंगवतात, मी त्या सोलते. जुनी इमारत जतन करायची ठरली की समितीला पहिला प्रश्न पडतो, मुळात रंग कुठला होता? मग मला बोलावणं येतं. मी भिंतीवर तळहाताएवढा चौकोन आखते आणि पात्याने एकेक थर काढत खाली जाते. वर ऑइल पेंट, त्याखाली डिस्टेंपर, त्याखाली चुना. सगळ्यात तळाशी लागतो तो खरा रंग. या चौकोनाला आमच्या धंद्यात खिडकी म्हणतात. खिडकी उघडली म्हणजे चौकोन तळापर्यंत नेला, बाकी काही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण या एका शब्दाने पुढे माझा घात केला.

या वेळची इमारत वेड्यांच्या इस्पितळाची होती. समिती त्याला 'मनोरुग्णालय स्मृतिसंग्रहालय' म्हणते. आत जिवंत माणसं होती तेव्हा लोक या फाटकासमोरून जाताना पोरांचे डोळे झाकायचे. आता रिकामी झाली, तर तिकीट लावून आत सोडणार आणि बाहेर पडताना कॉफी पाजणार. मला समितीत कुणाशीच धड बोलता आलं नाही. सेक्रेटरी तर असा, की समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडून आपलंच घोडं पुढे दामटणार. पण काम मी घेतलं, कारण मला बुटकीला कुठेतरी न्यायचं होतं.

बुटकी माझी धाकटी बहीण. लहानपणी तिला बुटकी म्हणायला लागलो आणि मग ती ताडमाड वाढली, तरी नाव तेच राहिलं. तिच्या खांद्यावर हात ठेवायचा तर मला टाचा उचलाव्या लागतात. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा हिने दोन वर्षं तिचं हगणंमुतणं काढलं. सासू गेली आणि तेराव्या दिवसानंतर बुटकी बोलायचीच थांबली. जेवायची, अंघोळ करायची, विचारलं तर मान हलवायची. नवऱ्याला मात्र घाई. "ताई, चार दिवस एखाद्या ठिकाणी ठेवून बघू. तिथे चांगली काळजी घेतात." आईचं करायला बायको, आणि बायको थकली की हॉस्पिटल! मी म्हटलं, "जावईबापू, ती माझ्याबरोबर येईल. हाताला काम लागलं की बोलेल." तो म्हणाला, शनिवारी येऊन बघतो. बरी दिसली तर घरी नेतो, नाहीतर परस्पर तिकडे. कागदपत्रं तयार ठेवली होती शहाण्याने.

म्हणजे मला शनिवारपर्यंत एकच गोष्ट करायची होती. बुटकी बरी दिसायला हवी होती.

२

आम्ही बायकांच्या वॉर्डात कामाला लागलो. लांबलचक खोली. खाटा गेलेल्या, पण त्यांच्या पायांचे गंजाचे गोल डाग फरशीवर तसेच. झरोके इतके उंच की त्यांतून फक्त उजेड यावा. दाराला डोळ्याच्या उंचीवर एक भोक आणि त्यावर पत्र्याचं झाकण, तेही बाहेरून उघडणारं. आतून बघायची सोय कुणी केली नव्हती. एका बाजूची भिंत मात्र सपाट आणि सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यापलीकडे उघडं अंगण आहे हे मी आल्याआल्याच फिरून बघितलं होतं.

पहिली खिडकी मी त्याच भिंतीत उघडली. पिवळा गेला, हिरवा गेला, निळा पापुद्र्यांनी सुटला. तळाशी फिकट गुलाबी लागला. कुणा साहेबाला वाटलं असेल, गुलाबी बघून बायका खूश होतील. मी बोट फिरवलं आणि बोट गुलाबी झालं.

रंग ओला होता.

वरचे सगळे थर सुकून करकरीत, पातं लागलं की कपचे उडत होते. आणि त्यांच्या खालचा, सगळ्यांत जुना, बोटाला लागत होता. वासही ताज्या रंगाचा. मी स्वतःला बजावलं, बाई, ओल आहे. पाया पाणी ओढतो, चुना फुगतो, असं होतं. खरं तर असं होत नाही. ओलीने रंग सुटतो, भुकटी होते, पण तो परत ओला होत नाही. हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तरी मी फडक्याने बोट पुसलं आणि बुटकीला काही बोलले नाही. तिच्या डोक्यात नसता किडा कशाला सोडा?

दुपारी डबा खायला बसलो. बुटकी नळावर हात धूत होती, फार वेळ धूत होती. मी बघितलं तर तिच्याही नखांत गुलाबी. तिने हात पटकन ओढणीत लपवले.

मीही विचारलं नाही. शनिवार जवळ येत होता.

३

दुसरी खिडकी मी मोठी घेतली. तळाचा रंग सगळीकडे आहे का ते बघायचं होतं. नव्हता. गुलाबी एका जागी संपत होता आणि पुढे कोरा चुना. मी त्या कडेचा माग काढत गेले. कड वर चढली, वळली, आत आली, पुन्हा वर गेली. आधी वाटलं, इथे कपाट असणार. आळशी रंगारी कपाट हलवत नाहीत, भोवतीने रंगवतात. पण कपाटाला खांदे नसतात. मान नसते.

मी पातं खाली ठेवलं. माणसाच्या आकाराचा कोरा चुना, आणि भोवती गुलाबी. बाजूला दोन हात जागा सोडून मी पुन्हा खरवडलं, तर दुसरा आकार. हा बसकट. त्याच्यापलीकडे तिसऱ्याचा खांदा सुरू होत होता.

"भिंतीशी उभं केलं असणार," मागून आवाज आला. "हलायचं नाही म्हणून सांगितलं असणार."

किती महिन्यांनी तो आवाज ऐकला मी! आनंदाने रडू यायला हवं होतं. पण अंगावर काटा आला, कारण ती हे अगदी सहज बोलली, कुणी आत्ताच तिला सांगून गेल्यासारखं.

"काहीतरी बरळू नकोस," मी म्हटलं. "रंगारी येतो तेव्हा माणसं बाहेर काढतात."

"बाहेर?" बुटकी म्हणाली, आणि चक्क हसली. "इथून?"

मग ती शांतपणे पुढे गेली, भिंतीला पाठ लावली आणि त्या पहिल्या आकारात उभी राहिली. बसकट नव्हे, उंच. डावा कोपर किंचित बाहेर काढायची तिला सवय आहे, खुर्चीत बसली तरी काढते. त्या आकाराचाही डावा कोपर बाहेर होता. कुठे एक रेष सुटली नाही. तिने डोळे मिटले. तिचा चेहरा इतका सैल झालेला मी सासूच्या आजारपणापासून पाहिला नव्हता.

मी तिला दंडाला धरून खसकन ओढलं. "वेडी आहेस का?"

शब्द तोंडातून निघून गेला. तोही त्या खोलीत. तो कुठेतरी वर झरोक्यापाशी जाऊन आपटला असं मला वाटलं.

"तेच ठरवायला येतोय ना तो शनिवारी," बुटकी म्हणाली आणि बादली उचलून बाहेर गेली. तिच्या पाठीवर, कपड्यावर, गुलाबीचा ठिपकाही नव्हता. मी दोनदा बघितलं.

४

शुक्रवारी मी सामान आणायला गेले होते. परत आले तर भिंतीत तिसरी खिडकी, चांगली हातभर. बुटकीने एकटीने उघडलेली, शिकाऊ हाताची, डावी बाजू वाकडी. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे माझ्या डोक्याच्या वर. बुटकी खोलीत नव्हती. मी रंगाचा डबा पालथा घातला आणि वर चढले.

तळाशी गुलाबी होता, पण लांब होता. मला आधी कळलंच नाही काय चुकतंय ते. मी बोट पुढे केलं, ते गेलं. मग हात गेला, मनगटापर्यंत. आत हवा होती, आणि ती माझ्या बोटांवरून हलली.

मी उतरले आणि सरळ अंगणात गेले. भिंतीची पलीकडली बाजू बघायची म्हणून. तिथे शेवाळ होतं, गळकं नळकांडं होतं, उन्हात एक मांजर झोपलं होतं. भिंत धडधाकट. मी मुठीने ठोकून बघितली, हाताला खरचटलं. मांजराने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. एवढंच. मग मी स्वतःलाच शिव्या घातल्या आणि परत आत आले. नजरेचा घोळ असतो, उजेड तिरका आला की सपाट जागा खोल दिसते, असं काहीबाही पुटपुटत पुन्हा डब्यावर चढले.

आत एक भिंत होती. फिकट गुलाबी, अर्धीच रंगलेली. तिला पाठी लावून बायका उभ्या होत्या, ओळीने. चेहरे मला दिसत नव्हते, उजेड त्यांच्या हनुवटीखालीच संपत होता. कुणीतरी रुंद ब्रश घेऊन ओळीने पुढे सरकत होतं. बटणांच्या बोर्डाभोवतीने आपण ब्रश फिरवतो ना, तसाच तो प्रत्येकीच्या खांद्यावरून, कानावरून, बोटांच्या मधून फिरत होता. न थांबता, सफाईने. ओळीच्या शेवटी एक जागा मोकळी होती. उंच जागा. तिथे ब्रश थांबला. रंगारी रंग वाळायची वाट बघतो तसा तो कुणाचीतरी वाट बघत थांबला. मग त्या हाताच्या मालकाने मान वळवायला सुरुवात केली, माझ्या दिशेने.

मी डब्यावरून अक्षरशः खाली पडले.

"ताई." बुटकी मागे उभी होती. तिने मला उठवलं नाही, हातही दिला नाही. माझ्या तोंडाकडे एकटक बघत म्हणाली, "तुलाही दिसतं?"

तिच्या आवाजात काय होतं ते मला आजही कळतं. आशा होती. आपण एकट्या नाही, अशी.

आणि माझ्या डोक्यात उद्याचा शनिवार होता. मी हो म्हटलं असतं तर उद्या ही नवऱ्याला सांगणार, ताईलाही दिसतं. मग दोघींची वरात एकाच गाडीतून. तिला वाचवायचं तर दोघींपैकी एकीने तरी शहाणं राहायला हवं, असं मला वाटलं.

"काय दिसतं?" मी कपडे झटकत म्हटलं. "भिंत आहे. काही दिसत नाही."

"बरं," बुटकी म्हणाली. तिने पालथा डबा सरळ केला. मग म्हणाली, "बरं," आणि पाती पुसायला बसली.

तेवढ्यात सेक्रेटरीचा फोन. कुठवर आलं काम? मी धापा टाकत होते, तळहात सोललेला. म्हटलं, "बायकांच्या वॉर्डात तीन खिडक्या उघडल्यात." तो किंचाळला, "खिडक्या? त्या भिंतीत? कुणाच्या परवानगीने? अहो, जुनी वास्तू आहे, तुमच्या घरची मोरी नाही!" एरवी मी त्याला समजावलं असतं, अहो, धंद्यातला शब्द आहे. त्या दिवशी माझ्यात ताकद नव्हती. "आधी तुमच्या डोक्याला एखादी खिडकी पाडून घ्या," म्हटलं आणि फोन आपटला.

५

शनिवारी जावईबापू आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. बुटकी म्हणाली, "हात धुऊन येते," आणि वॉर्डाकडे गेली. नळ अंगणातच होता हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी फाइलकडे बघत होते आणि काय काय बोलायचं याची मनात उजळणी करत होते.

तिला यायला वेळ लागला. आली ती हसत आली. "काय हो, किती वाळलात! जेवता ना नीट?" नवऱ्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. मग ती बोलतच राहिली. घराचं विचारलं, शेजारणीच्या पोरीचं लग्न जमलं का विचारलं, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी कोण घालतं विचारलं. डबा उघडून आम्हाला वाढलं, स्वतः पोटभर जेवली. तो हळूच म्हणाला, "कशी आहेस?" ती म्हणाली, "मी बरी आहे." एवढं खणखणीत वाक्य मी तिच्या तोंडून लहानपणीही ऐकलं नव्हतं. जावईबापू ढसाढसा रडायला लागले. फाइल त्यांच्या मांडीवरून घसरून मातीत पडली आणि कुणी उचलली नाही.

मलाही भरून आलं. खोटं कशाला बोलू? छातीवरचा धोंडा उतरला. मी उठून तिच्याजवळ गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

टाचा न उचलता ठेवला.

मी हात तसाच राहू दिला. ती चपला काढून उभी असेल, मी उंचवट्यावर असेन. खाली बघितलं नाही. ती माझ्याकडे वळून गोड हसली आणि म्हणाली, "ताई, येते हं." जाताना तिने वॉर्डाच्या दाराकडे एकदाही बघितलं नाही. गाडी फाटकाबाहेर पडली. मी हात हलवत होते, गाडी दिसेनाशी झाली तरी हलवत होते.

६

वॉर्डात गवंडी काम करत होता. सेक्रेटरीने सकाळीच पाठवलेला, मागच्या दाराने. घमेल्यात कालवलेलं सिमेंट, हातात थापी. तिसऱ्या खिडकीच्या जागी ओल्या सिमेंटचा चौकोन होता.

"साहेब म्हणाले, बाईंनी खिडक्या पाडल्यात, सगळ्या बुजव," तो म्हणाला. "पण या दोन तर नुसत्या खरवडलेल्या. यांना काय बुजवायचं? ही तिसरी तेवढी आरपार होती, ती विटा लावून पक्की केली."

"आरपार?" मी म्हटलं.

"हो की. तुमच्या बहीणबाई पलीकडे उभ्या होत्या. उंच आहेत त्या, त्याच ना? इकडेच बघत होत्या. मी म्हटलं, बाई, मागं सरका, डोळ्यात उडेल. सरकल्या बिचाऱ्या." त्याने थापी घमेल्याच्या काठावर पुसली. "काहीतरी म्हणत होत्या, पण मी रेडिओ लावला होता."

"हे कधी?"

"हे काय, आत्ताच. तुम्ही मंडळी बाहेर हसत होता तेव्हा."

मी भिंतीपाशी गेले. सिमेंट अजून गार आणि मऊ होतं, बोट रुतत होतं. आतल्या विटा नुसत्या रचलेल्या असणार, एक धक्का दिला असता तर आत पडल्या असत्या. मी चौकोनाखाली भिंतीला कान लावला. आतून कुणीतरी खरवडत होतं. हलक्या हाताने, पातं आडवं धरून. नवीन माणूस धरतो तसं.

माझी छिन्नी खिशातच होती. ती मी बाहेर काढली.

आणि फोन वाजला. जावईबापू. गाडीचा आवाज, मागे कुणीतरी गुणगुणत होतं. "ताई, अहो, ही गाणं म्हणतेय! तुमचे उपकार कसे फेडू हो मी? थांबा, तिला तुमच्याशी बोलायचंय."

"ताई?" बुटकीचा आवाज. तंतोतंत बुटकीचा, सासूच्या आजारपणाआधीचा. "तू घरी कधी येतेस? ते काम आटप आणि ये ना गं. मला एकटीला करमत नाही."

दोन-अडीच वर्षं मी या आवाजासाठी जीव टाकत होते. तिला काहीतरी विचारावं, आमच्या दोघींनाच माहीत असलेलं, असं मनात आलं. ओठांवर आलं. पण तिला उत्तर आलं नसतं तर? आणि आलं असतं, अचूक आलं असतं, तर या भिंतीआड कोण आहे? दोन्हींची मला सारखीच भीती वाटली. बोट लावलं होतं तिथे सिमेंटला एक खळगा पडला होता, आणि तो बघता बघता आतल्या बाजूने थोडा बाहेर आला.

"ताई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय गं," मी म्हटलं. फोनवर हात धरला आणि गवंड्याला म्हणाले, "अजून एक हात मारा."

"पहिला सुकू दे की, बाई. असा ओल्यावर धरत नाही."

"आत्ता मारा म्हटलं ना! जाड मारा."

त्याने खांदे उडवले आणि थापी उचलली. मी भिंतीकडे पाठ केली, फोन कानाशी दाबला आणि मोठ्याने विचारलं, "हं, काय म्हणत होतीस? शेजारणीच्या पोरीचं कुठे जमलं?" ती सांगायला लागली. ती मधे थांबली की मी पुढचा प्रश्न विचारत होते, आणखी मोठ्याने, कुंड्यांचा, पाण्याचा, दुधवाल्याचा. गवंड्याचं काम होईपर्यंत मी तिला गप्प बसू दिलं नाही.